सायडिंगचा करंट

मी, वामनराव झिबल दुर्गे, रेल्वेचा निवृत्त पॉइंट्समन, राहणार बल्लारपूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाखाली न येता लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो का लागला, ते दुसऱ्या कलमात येईल.

१. बल्लारपूरचे घर मी माझ्या कमाईने बांधले. ते मुलगी दिव्यानी हिचे. बँकेत जे असेल तेही तिचेच. मुलगा निकेश याचा कशातही हक्क नाही. त्याने भाड्याने मागितली तरी खोली देऊ नये.

२. कारण असे. वरच्या खोलीत मी टेबलावर लहान रेल्वे मांडली आहे. मेन लाइनला आणि प्रत्येक सायडिंगला, म्हणजे गाडी बाजूला उभी करायच्या रुळाला, वेगळे बटण आहे. सायडिंगचे बटण बंद केले की तिथला करंट जातो, इंजिन जागेवर उभे राहते आणि मेन लाइनवर दुसरी गाडी बिनधोक चालते.

निकेशच्या मुलीच्या वाढदिवसाला सगळे नातेवाईक जमले होते. मी सायडिंगवर मालगाडी उभी केली, बटण बंद केले आणि मेन लाइनवर पॅसेंजर सोडली. मालगाडीही चालू लागली आणि पॅसेंजरवर आदळली. माझी स्वर्गवासी बायको रुखमाबाई हिने शेवटच्या आजारपणात बसून रंगवलेले डबे फरशीवर पडून फुटले. लोक हसले. निकेश सगळ्यांसमोर म्हणाला, "बाबाचं डोकं आता चालत नाई. कोणतं बटन दाबलं तेही समजत नाई त्यायले."

पुढे त्याने घर नावावर करून मागितले. म्हणे, डोके पुरते जाण्याआधी करा.

मग मी टेबलाखाली वाकून पाहिले. वर बटणे तशीच होती, पण खाली सगळ्या सायडिंगच्या तारा मेन लाइनला जोडलेल्या होत्या; सायडिंगची बटणे नुसती नावाला उरली होती. निकेशला विचारले.

"तुमच्याच सोयीसाठी केलं, बाबा. एवढी बटनं काऊन पाह्यजे?"

"मंग त्या दिवशी सांगतलं काऊन नाई?"

तो जिना उतरून निघून गेला.

३. रेल्वे दिव्यानीने ठेवावी किंवा मोडावी. निकेशने त्या रेल्वेला हात लावू नये.

४. हे मृत्युपत्र त्याच नातेवाइकांना बोलावून वाचावे. वाचनाआधी निकेशने उभे राहून सांगावे की तारा त्याने जोडल्या आणि बाप शुद्धीत होता. सांगितले तरी त्याला काही मिळणार नाही. हे त्याला आधी कळू देऊ नये.

५. माझे शेवटचे कार्य दिव्यानीने करावे. निकेशने खांदा देऊ नये. माणूस कमी पडला तर मजुरीने आणावा.

हे कलम लिहिताना शेजारी पत्रू म्हणाला, "भाऊ, लेकरू हाये तुमचं. थोडं नरम लिवा." लिहिले नाही.

सहीच्या वेळी निकेश फाटकाशी येऊन उभा राहिला. "बाबा, माह्यं चुकलं. मले आत येऊ द्या." पत्रू फाटक उघडायला उठला. मी त्याला खाली बसवले. सही होताना साक्षीदार समोर लागतो. निकेश अजून बाहेर आहे, रडतो आहे. त्याचे बोलणे मी स्पष्ट ऐकले. ऐकून वरचे सगळे पुन्हा वाचले, आणि एकही शब्द न बदलता सही करतो आहे.

(सही) वामनराव झिबल दुर्गे

साक्षीदार:
(सही) पत्रू लटारू चांदेकर, शेजारी
(सही) सुनिल बारसागडे, रेल्वेतील जुने सहकारी

बल्लारपूर, दि. ९ फेब्रुवारी २०२४