हिरव्याची पेटी

३ मार्च
आजही हिरवा! पोत्यातून निघालेला सगळ्यात मोठा पिरोजा मामंजींनी खिडकीपाशी धरला, बघितला आणि टाकला हिरव्याच्या पेटीत. वर मला ऐकवलं – "सूनबाई, तू या घरात आलीस आणि दगड हिरवे पडायला लागले. स्वयंपाकाचे तेलकट हात लावतेस ना!"

पिरोजा तेल पितो, हे खरं आहे. तेल मुरलं की निळ्याचा हिरवट होतो. पण मी साबणानं घासून घासून हातांची सालं काढलीत! आणि मला तो दगड निळाच दिसत होता. हे म्हणतात, "बाबांची ती नजर. आपले नुसते डोळे." आमच्या कारखान्यात निवड करायची ती मामंजींनीच, दगड पैलू पाडायला जायच्या आधी, त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसून. मला एकदा तरी त्या खुर्चीत बसायचंय.

५ मार्च
जेवताना मामंजी खुशीत. पिरोजा कसा जन्मतो ते सांगत बसले. शंभरदा ऐकलंय, तरी आवडतं. "रखरखीत मुलखात तांब्याचे डोंगर असतात. कधीमधी सर आली की पाणी खडकात झिरपतं, जाता जाता तांबं विरघळवून घेतं. वाटेत अ‍ॅल्युमिनियम, फॉस्फेट भेटतं. फटीत साचत साचत निळी शीर होते. फार खोल नाही हं, वरवरच! तांब्यानं निळा, लोखंड घुसलं की हिरवा."

मी लगेच – "म्हणजे दोष लोखंडाचाही असेल!"

"लोखंड खाणीत. तेल आपल्या घरात." झालं, दोष परत माझ्याच हातांचा!

बोलता बोलता त्यांनी पाणी पेल्याबाहेर ओतलं. सासूबाईंनी तिथल्या तिथे डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं फर्मान काढलं.

९ मार्च
दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगले पिकलेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही सगळं जग पिवळ्या काचेतून बघताय."

पिवळ्या काचेतून! निळ्यावर पिवळं चढलं की काय होतं, ते शेंबडं पोरही सांगेल! मी ताडकन उठले. "काय गं?" मामंजी म्हणाले. काही नाही म्हटलं. ऑपरेशनच्या तोंडावर त्यांच्या जिवाला घोर कशाला?

घरी येते तर फरशीवाला दारात! हिरवे तुकडे तो पडत्या भावात नेऊन फरशीत बसवतो. ह्यांनी पेटी उचलून द्यायला घेतलेलीच. मी सरळ पेटीवर जाऊन बसले. बाबांचं ऑपरेशन होईपर्यंत ही जायची नाही! फरशीवाला म्हणतो, "वहिनी, दगडांचा आणि ऑपरेशनचा काय संबंध?"

ह्यांना आत नेऊन सगळं सांगितलं. "आणि तू चुकलीस तर?" म्हणाले.

चुकले तर जन्मभर तेलकट हातांची सून. होऊ दे.

१२ मार्च
एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. छान झालं! उद्या पट्टी निघणार.

१३ मार्च
काय दिवस!! पट्टी काढून आल्या आल्या मामंजी चहासुद्धा न घेता खिडकीपाशी गेले. मी तो मोठा पिरोजा त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो उजेडात धरला. मग नवा डोळा मिटून जुन्यानं बघितलं. "हिरवा." जुना मिटून नव्यानं – "निळा?" परत जुना – "हिरवा." परत नवा – "निळा! अगं, हा तर चक्क निळा आहे!"

किती वेळ तेच चाललं होतं. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "या वयात कुणाला डोळे मारताय?" आम्ही पोट धरधरून हसलो.

मग अख्खी पेटी चादरीवर ओतली. निम्म्याहून जास्त निळे! काही खरंच हिरवे निघाले – त्यातला एक तर मीही निळा समजत होते.

हसता हसता मामंजी थांबले. माझे हात हातात घेऊन सोललेली बोटं बघत राहिले. "पोरी, उगाच घासायला लावले गं." मला रडूच फुटलं. इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

१६ मार्च
सकाळी गेले तर निवडीची खुर्ची रिकामी. शेजारी स्टुलावर मामंजी, साबणानं धुतलेले दोन्ही पंजे माझ्यापुढे धरून – "तेल नाही. बघून घे आणि बस."