खालच्या कठड्याची उंची

३ मार्च, मंगळवार
प्रुफं आली! माझं पहिलं पुस्तक. विसाव्या शतकातले दहा वास्तुकार, एकेकाला एकेक प्रकरण. गठ्ठा छातीशी धरून घरी आले. शेजारीण म्हणाली, "बाळ आणलंस की काय?" तसंच म्हणायचं.

४ मार्च, बुधवार
प्रुफं घेऊन आत्याकडे गेले. सहाव्या प्रकरणातले थोरले साहेब — त्यांच्या ऑफिसात आत्याने तीस वर्षं काढली. ट्रेसर म्हणून. म्हणजे दुसऱ्याने काढलेला आराखडा पातळ कागदावर गिरवायचा. लिहिताना तिला विचारलं होतं, साहेब कसे होते? "चहा गार करून प्यायचे." संपलं. मीही पुढे खोदलं नाही. शहाणीच मी!

आज बाल-ग्रंथालयाच्या जिन्याचा फोटो दाखवला आणि मजकूर वाचला. जिन्याला दोन कठडे, वरचा मोठ्यांसाठी, खालचा मुलांसाठी. यातून साहेबांची कोवळी नजर दिसते वगैरे. आत्या खुदखुदायला लागली.

"हसतेस काय?"

"कोवळी नजर म्हणे. बावीस इंचांवर आहे तो."

"तुला कसं माहीत?"

"तुझाच हात धरून मोजला की. चार वर्षांची होतीस. जिन्यावर उभी राहायचे दोन पेपरमिंट घेतलेस."

"आणि साहेब?"

"त्यांनी सही केली."

जिना तिचा. अख्खा. आणि माप माझ्या हाताचं!

५ मार्च, गुरुवार
बसमध्ये दांडा धरला आणि एकटीच हसले. समोरच्या बाईंनी पर्स जवळ ओढून घेतली.

६ मार्च, शुक्रवार
प्रकाशकांना सांगितलं. "पुरावा काय?" मी हात पुढे केला. "हात छापता येत नाही. सोळा तारखेला पुस्तक छापायला जातंय."

साहेबांचे सगळे कागद त्यांच्या मुलीकडे. तिला फोन केला. "बाबांच्या कामात दुसऱ्या कुणाचा हात नव्हता." आणि फोन ठेवला. माझे कान लाल.

आत्याला सांगितलं तर म्हणाली, "राहू दे. आता नाव घालून काय करू?" मग भाजी निवडता निवडता, बऱ्याच वेळाने — "घालणारच असशील तर पूर्ण घाल. नुसती आद्याक्षरं नकोत."

९ मार्च, सोमवार
आत्याला ग्रंथालयात नेलं. उद्घाटनाला तिला बोलावणंच नव्हतं, नंतर ती रुसून गेलीच नाही. एकोणऐंशीव्या वर्षी पहिल्यांदा स्वतःचा जिना चढली! एक इवलीशी पोर खालचा कठडा धरून तिच्या शेजारून चढत होती. आत्या थांबली, तिला पुढे जाऊ दिलं. वर पोचल्यावर रंगाला नावं ठेवली. मग खाली उतरली, आणि परत वर. मी फोटो काढला. डोळे पुसत काढला, म्हणून जरा हललाय.

घरी येऊन तो फोटो साहेबांच्या मुलीला पाठवला. खाली फक्त आत्याचं नाव. पूर्ण.

१३ मार्च, शुक्रवार
उत्तर नाही. पण प्रकाशक विरघळले — "तळटीप घालू. 'लेखिकेला मिळालेल्या माहितीनुसार' म्हणून. एक ओळ." एक तर एक! धावत आत्याकडे.

"अक्षर केवढं असेल?"

"बारीक."

"मग चष्मा बदलून घ्यायला हवा."

दोघी पोट धरून हसलो.

१५ मार्च, रविवार
दुपारी आत्याकडे असताना दार वाजलं. साहेबांची मुलगी! हातात गुंडाळलेल्या आराखड्यांचा हा मोठा भारा. फोटो बघून तिने बाबांचं कपाट पहिल्यांदा उघडलं. नऊ इमारतींच्या आराखड्यांवर, मागच्या बाजूला, साहेबांच्या अक्षरात आत्याचं पूर्ण नाव आणि पुढे — "काम हिचं." मुलगी बसेचना. "मी तुम्हाला फोनवर..." एवढंच बोलली. आत्याने तिला हात धरून खुर्चीत बसवलं.

प्रकाशकांना फोन केला, छपाई थांबवा. "किती म्हणालात? नऊ?"

आत्या एकेक आराखडा उलगडून बघत होती. मान वर न करता म्हणाली, "आठ सांग. शाळेचं छत त्यांचंच. गळायचं ते."