कोंबड्यांसाठी उजवं वळण

३ नोव्हेंबर २०२४, रविवार

वही नवी, पेन नवं. माझ्याशिवाय दुसरं कुणी वाचत असेल तर त्याने आत्ताच मिटावी. शरम नावाची एक चीज असते.

पाऊस संपला, आपला सीझन सुरू. आम्ही चौघं, विमान एक. दोन सीटचं. ज्योतिबाने त्याला स्वतःच्या आईचं नाव दिलंय, शालूबाई. धावपट्टीही त्याचीच, संकेश्वरच्या पुढे, दोन्ही बाजूंना ऊस. दुसरा डॉ. प्रशिक, निपाणीत डोळ्यांचा दवाखाना. तिसरा भरमा, सांबऱ्याचा, एअर फोर्समधून मेकॅनिक म्हणून रिटायर. चौथी मी. टेलिफोन खात्यातून निवृत्त, वय चौसष्ट, लायसन्स साठाव्या वर्षी काढलं. चौघांत सर्वांत सुरक्षित पायलट मीच, हे नम्रपणे नोंदवते.

संकल्प: भाची नीलम फेब्रुवारीत नोकरीला पुण्याला चाललीय. त्याआधी तिला वर नेणार. आमच्या घराण्यात माझ्या उडण्याला न हसलेली ती एकटीच.

१० नोव्हेंबर

लायसन्ससाठीचं मेडिकल पास. अक्षरांचा तक्ता उजव्या डोळ्याने शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग उजवा झाकून डाव्याने वाचा म्हणाले. तक्ता तोच. एकदा वाचलेलं परत वाचायला मी काय मठ्ठ आहे? पाठ म्हणून दाखवला. शाळेत सिस्टर फिलोमिनांनी आमच्याकडून पानंच्या पानं पाठ करून घेतली ती उगाच नाही.

प्रशिकला हे सांगितलं. हसला नाही. म्हणाला, आक्का, एकदा दवाखान्यात या, चहा घेऊ. पेशंट कमी झाले असतील बिचाऱ्याचे.

१७ नोव्हेंबर

गाडीचा डावा आरसा गेला. हायवेवर उसाचा ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या. स्पीकरवर गाणी लावलेली होती म्हणे, सगळ्या जगाने ऐकली. मग मला दिसला का नाही? अर्थात बेकायदा बाजूने आला.

लोकांना हल्ली समोरून यायची लाजच वाटते. कुरिअरवाला, दूधवाला, आमची कामाची मालुबाई, सगळे डावीकडून उगवतात. मालुबाईला सांगितलं, भुतासारखी येऊ नकोस. ती म्हणाली, बाई, मी कवाची हितंच हाय की.

२४ नोव्हेंबर

क्लबचा नियम असा. चावी फिरवण्याआधी पायलटने दोन्हीकडे बघायचं आणि ओरडायचं, समोर कोण? खालून उत्तर यायचं, न्हाय कोण.

आज मी बघितलं. ओरडले. उत्तराची वाट किती बघायची? पंखा फिरला तेव्हा भरमा डाव्या अंगाला वाकून चाकापुढचा अडणीचा ठोकळा काढत होता. टोपी गेली. फक्त टोपी. तुकडे उसात सापडले.

चांगला झापला त्याला. एअर फोर्समध्ये हेच शिकलास का? तो म्हणाला, म्याडम, मी तुमच्याकडंच बघत हुतो, हात बी केलतो. मग जमिनीवर बसला तो बराच वेळ उठला नाही. चहाही घेतला नाही. वयाने माणूस हळवा होतो.

नंतर तिघं शेडमागे कुजबुजत होते. मी गेले की गप्प. ज्योतिबा म्हणाला, काय न्हाय आक्का, उसाच्या दराचं चाललंतं. उसाच्या दराबद्दल आजवर कुणी कुजबुजलेलं मी ऐकलं नाही.

१ डिसेंबर

नवा नियम. सगळ्या जगात विमान धावपट्टीला डावीकडून वळसे घालून उतरतं. आमच्याकडे आजपासून उजवीकडून. ज्योतिबा म्हणाला, डावीकडं पावण्यांची पोल्ट्री हाय, कोंबड्या दचकत्यात, अंडी घालंनात. विमानाच्या आवाजाबद्दल ऑक्टोबरात मीच बोलले होते. म्हणजे शेवटी ऐकतात माझं.

नियम झकास आहे. उतरताना धावपट्टी पूर्ण वेळ नजरेत राहते. पूर्वी मध्येच हरवायची.

धावपट्टीच्या डाव्या कडेचे, खुणेसाठी ठेवलेले पांढरे टायरही कुणीतरी दहा फूट लांब सरकवलेत. कोणी, ते कुणी सांगत नाही.

८ डिसेंबर

तिघांचाही धीर सुटलाय. एकटं उडायची इच्छाच नाही कुणाला. माझी पाळी आली की कुणीतरी शेजारी बसतंच. शिकायचं असेल माझ्याकडून. शिका. पण हात मांडीवर ठेवून गप्प बसतील तर शपथ. विमान वळवायच्या त्यांच्या बाजूच्या दांड्यापासून बोटं सतत चार इंचांवर. प्रशिक खाली उतरला तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. थंडी होती.

आमच्यात रिवाज आहे. ज्याचं विमान टेकताना उसळेल त्याला सगळे बेडूक म्हणणार, आणि मिरची भजी वाढायला तोच उठणार. मागच्या वर्षी ज्योतिबाला आम्ही इतकं छळलं की तो म्हणाला, आता डबक्यातच उतरवतो.

आज मी चार वेळा उसळले (वारा). कुणी बेडूक म्हणालं नाही. भजी भरमाने वाढली. आक्का, तुम्ही बसा, म्हणाला.

हल्ली सगळे फार प्रेमाने वागतात. आवडत नाही मला.

२२ डिसेंबर

प्रशिक कुंद्याची मिठाई घेऊन घरी आला. निपाणीहून बेळगावला येऊन मला बेळगावचाच कुंदा! कप नको तिथे ठेवला, माझा हात लागून सांडला, तर त्या सांडलेल्या चहाकडेच बघत बसला.

मग बोलला. आक्का, डोळ्यात दाब वाढतो. दुखत नाही, माणसाला कळतही नाही, कडेकडेने अंधार येत जातो. डावा तपासू. अर्ध्या तासाचं काम.

मी म्हटलं, तक्ता वाचलाय मी. तो म्हणाला, पाठ म्हटलात, तुम्हीच सांगितलंत. म्हणाला, मी डॉक्टर आहे, भरमाची टोपी गेली त्याच दिवशी लायसन्सवाल्यांना लिहून कळवायला हवं होतं. तीनदा पत्र लिहिलं, तीनदा फाडलं. माझे वडील गेले तेव्हा स्मशानात तुम्ही माझ्या शेजारी उभ्या होता, तुमचं लायसन्स मी कसं घालवू? निदान नीलमला वर नेऊ नका. हात जोडले.

यालाच मत्सर म्हणतात. याची स्वतःची लँडिंग बघा.

कुंदा ठेवून घेतला. सल्ला नाही.

५ जानेवारी २०२५

पुढच्या रविवारी मेळावा. बाहेरगावची हौशी मंडळी आपापली विमानं घेऊन येणार, तीन विमानं. ज्योतिबाने सगळ्यांना फोन करून उजव्या वळणाचं कळवलंय. नीलमला त्याच दिवशी नेणार. प्रेक्षक असावेत.

१० जानेवारी

ज्योतिबाचा फोन. शालूबाईचं इंजिन खोललंय, रविवारी जमायचं न्हाय आक्का. वाईट वाटलं म्हटलं. विश्वास ठेवला नाही.

१२ जानेवारी, दुपारी ३

सकाळी सातलाच नीलमला घेऊन पोचले. शालूबाई धुऊनपुसून उभी. इंजिन जागेवर. भरमाला विचारलं तर आभाळाकडे बघत म्हणाला, जोडलं की काल.

आधीच आलेले दोन पाहुणे चहा पीत होते. मी नीलमला बसवलं, पट्टा बांधला. तिघं उभे. ज्योतिबा दोनदा पुढे आला, दोनदा मागे गेला. एक पाहुणा म्हणाला, वा, मॅडम नेणार का! चारचौघांत आक्काचा अपमान कोण करणार? प्रशिकने नीलमला एवढंच सांगितलं, बाळा, डावीकडं बघत राहा आणि दिसेल ते आत्याला सांग.

वर सगळं सुंदर. नीलम हसत होती. घटप्रभा नदी दाखवली, कारखान्याची चिमणी दाखवली. मग उजवीकडून वळसा, नियमाप्रमाणे. शेवटच्या वळणाआधी ती म्हणाली, आत्या, ते पिवळं विमान इतकं जवळ येत असतं का? मी म्हटलं, येतं. तिला खालची पाहुण्यांची विमानं दिसत असतील असं वाटलं. पोरीला उगाच घाबरवायचं कशाला?

मग ती किंचाळली. डावीकडचं आकाश पिवळं झालं. आवाज डोक्यावरून गेला. शालूबाई एका अंगावर पडली, मी सावरली. मीच सावरली.

उतरले. किती वेळा उसळले, मोजलं नाही. नीलम उसात जाऊन ओकली. मग तिसरा पाहुणा खाली आला. त्याला निरोप पोचलाच नव्हता, तो जगासारखा डावीकडून आला. म्हणाला, मॅडम सरळ माझ्याकडे येत होत्या, मला वाटलं मस्करी करतायत.

बेशिस्त. त्याच्याविरुद्ध पत्र लिहिणार.

१३ जानेवारी

पत्र अर्धं झालं. नीलमला साक्षीदार म्हणून फोन केला. ती म्हणाली, आत्या, मला ते मिनिटभर दिसत होतं. तुला विचारलं, तू येतं म्हणालीस. मी तुझ्यावर सोडलं. फोन कट झाला. रडत असावी, किंवा रेंज.

नंतर ज्योतिबाचा फोन. चूक आमची, आक्का. तुमास्नी दुखवायचं न्हवतं, म्हणून जगाचा नेम फिरवला. मी म्हटलं, आणि कोंबड्या? तो म्हणाला, ती पोल्ट्री बंद पडून दोन वर्सं झाली. तिथं कोंबडं न्हाय.

पत्र उद्या पुरं करेन.

१६ जानेवारी, गुरुवार

निपाणी. बसने गेले. गाडी विश्रांतीला. प्रशिकचं तोंड बंद करायला एकदा तपासून घेतलेलं बरं.

त्याच्याकडे उपासना म्हणून टेक्निशियन आहे. पांढऱ्या घुमटीत हनुवटी टेकवायची, समोर बघायचं, कुठेही दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. आधी उजवा डोळा. मी एकही दिवा सोडला नाही. उपासना म्हणाली, छान मॅडम. छान असणारच.

मग उजव्यावर पट्टी, डावा उघडा. बटणावर अंगठा ठेवून ताठ बसले. पहिला दिवा यायची वाट बघत राहिले. पाच मिनिटं झाली असतील. मशीन नुसतं टिकटिक करत होतं. शेवटी मी म्हटलं, अगं मुली, सुरू कर की आता, मला साडेबाराची बस आहे.

ती हळूच म्हणाली, मॅडम, झालं.