टिन ऑर्चर्डची पावणेतीन वर्षं

९ फेब्रुवारी १९९२, रविवार

मयूरचं पत्र. लीड्सची पीएच.डी. सोडली! दोन इंग्रज मित्रांबरोबर गाण्यांचा ग्रुप काढलाय — गाणी म्हणजे नाचायची, सगळी यंत्रांवर वाजवलेली. नाव टिन ऑर्चर्ड. ऋता म्हणते, पत्र्याची बाग. पत्र्याच्या बागेला फळं कसली येणार, देव जाणे.

यांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली. "माझ्यापुरता विषय संपला." एवढंच बोलले आणि आपल्या संशोधन संस्थेचे कागद काढून बसले. यांनीच खटपट करून तिथल्या आपल्या जुन्या गुरूंकडे त्याला लावून दिलं होतं, म्हणून जास्त लागलं असणार. ऋता मध्ये पडली — "बाबा, उसका मन नहीं लगता था केमिस्ट्री में." तिलाही ओरडा बसला, घरात मराठी बोल म्हणून.

१ मार्च

मयूरसाठी महिन्याची कॅसेट भरली. पूर्वी एका बाजूला मी बोलायची, दुसऱ्या बाजूला हे. आज टेप पुढे सरकवला तर उठून गेले. मग माझी एकच बाजू. अर्ध्या तासाच्या वर माझ्याकडेही सांगण्यासारखं नसतं — अमीनाबादच्या बाजारात पडद्याचं कापड घेतलं, ऋताची परीक्षा, शेजारच्यांचा कुत्रा.

कॅसेटचं पार्सल मात्र हेच शिवतात. मांजरपाटाची पिशवी, दाभण, वर लाखेचं सील. माझे टाके सैल पडतात म्हणे, आणि माझ्या बडबडीने यांचे चुकतात, म्हणून दार लावून बसतात. विषय संपला तर टाके कशाला, असं अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. तेवढं तरी करतायत.

४ ऑक्टोबर

मयूरला दिवाळीला चकल्या करायच्यात. कॅसेटमध्ये भाजणीचं प्रमाण सांगितलं. दोनदा सांगितलं, धांदरट आहे तो.

१७ मे १९९३

टिन ऑर्चर्डची पहिली रेकॉर्ड आली! आपल्याकडे प्लेअर नाही, म्हणून तेलीबागेत भास्कररावांकडे गेले. बँकेतले, महाराष्ट्र मंडळातले. जुन्या रेकॉर्डी जपून ठेवतात. सुई टेकवली. धाडधाड ठोका सुरू झाला आणि त्यात मी! "तांदूळ चार, हरभरा डाळ दोन, उडीद एक... उडीद एक... उडीद एक..." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भास्कररावांच्या घरच्या चित्रावहिनी पोट धरून हसल्या. "उल्काताई, सगळ्या इंग्लंडला चकल्या शिकवल्यात की."

मयूर लिहितो, एक आठवडा तिकडच्या खपाच्या यादीत एकेचाळिसावा नंबर होता. हजार-हजार पोरं उडिदावर नाचतात. घरी येऊन यांना सांगितलं. पेपरातून मान वर न करता म्हणाले, "प्रमाण बरोबर सांगितलंस ना?"

२२ नोव्हेंबर

दुसरी रेकॉर्ड निघाली. कोणी विचारलं नाही.

१० जानेवारी १९९४

मयूर दिवसा गोदामात खोकी उचलतो. पत्रात गंमत म्हणून लिहिलंय. मला काही हसू आलं नाही. यांना म्हटलं, एकदा बोला त्याच्याशी. "तू बोलतेस ना." राग आला. दोन दिवस अबोला धरला. यांच्या ते लक्षात आलं की नाही, कळायला मार्ग नाही.

२३ ऑक्टोबर

टिन ऑर्चर्ड संपलं. कंपनीने पुढच्या रेकॉर्डला नाही म्हटलं. एक मित्र दुसऱ्या ग्रुपमध्ये गेला, दुसरा शाळेत शिकवायला लागला. शेवटची एक रेकॉर्ड तिघांनी आपली आपण काढलीय, तीनशेच प्रती. त्यातली एक माझ्या नावाने टपालात टाकलीय.

पोराचं पाऊल चुकलं का नाही, ते मला ठरवता येत नाही. पण तो हरलाय, आणि हरलेल्या मुलाशी बाप बोलत नसेल तर तो घरी कशाला येईल? मला ही एकच भीती आहे. आज यांना ती सांगितली. ऐकून घेतलं, चष्मा पुसला, "हं" म्हणाले. उद्या भाजीत मीठ घालू नये असं वाटतंय.

१३ नोव्हेंबर, रविवार

सकाळी कॅसेट भरून यांच्या हवाली केली आणि भास्कररावांकडे गेले. शेवटची रेकॉर्ड लावली. सुरुवातीला ठोका नाही, काही नाही. माझा आवाजही नाही. नुसते हे —

"मयूर, बाबा बोलतोय. आई भाजी निवडतेय. पार्सल शिवायला अर्धा तास लागतो असं तिला सांगितलंय, तेवढी ही बाजू आपली. बोल, मागचा महिना कसा गेला?"

खूप रडले. भास्कररावांनी गुपचूप पाणी आणून दिलं. मग सवारीच्या टेम्पोच्या नाक्यावर येऊन उभी राहिले. घरी यांचं पार्सल शिवणं चालू असणार. दोन टेम्पो मुद्दाम सोडले.