सुमीच्या दाढेचा लेप

हिंगणी, मंगळवार, जानेवारी १९८७

सुटले एकदाची! काल जेवताना सुमीने "आई, कटकन वाजलं" म्हणत तोंडातून पांढरा तुकडा काढला, आणि मला वाटलं, लेपच निघाला. माझ्या दाढा किडून गेल्या, लेकीच्या तरी राहाव्यात म्हणून मागच्याच आठवड्यात वर्ध्याच्या डॉक्टरांकडून तिच्या दाढांच्या खाचांत लेप भरून आणला होता. सासूबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या, "चांगल्या दाताले लेप काऊन लावला वं?"

तो तुकडा पदराला गाठ मारून ठेवला. सकाळी सुमीला घेऊन वर्ध्याला जाताना एस.टी.त मनातल्या मनात डॉक्टरांना काय काय बोलले! त्यांनी तुकडा हातावर घेतला, सुमीची दाढ पाहिली आणि हसले. "बाई, हा तांदळातला खडा आहे. लेप जागेवरच आहे." अशी लाज वाटली... पण केवढं हलकं वाटलं!

तांदूळ सासूबाई निवडतात. डोळ्यांना कमी दिसतं, पण चष्मा लावायला नको. म्हणून घरी आल्यावर खड्याचं बोललेच नाही. "लेप पक्का हाय, आई," एवढंच सांगितलं.

सुमी बोललीच वाटतं. आता दिवेलागणीला पाहते तर सासूबाई ओसरीत उद्याचे तांदूळ घेऊन बसल्या आहेत. नाकावर चष्मा.