रिकाम्या खोलीचं माप

३ ऑक्टोबर
बल्गेरियात, प्लोव्दिवला पोचले आणि पोचल्या पोचल्या पोट भरलं. वेल्कोकाकांनी बानित्साचा, म्हणजे चीज भरलेल्या खारीचा, भला थोरला तुकडा आणि थंडगार आयरान, आपलं ताकच, पुढ्यात ठेवलं; नको म्हणायची सोयच नव्हती. गल्लीभर भाजलेल्या मिरच्यांचा वास आहे. दारावर काकांच्या बायकोच्या, रायनाकाकूंच्या फोटोचा कागद, त्यांना जाऊन वर्ष झालं म्हणून इथल्या रिवाजाप्रमाणे नव्याने चिकटवलेला. आधीच्या फोटोत ती माझ्यावर रागावलेली दिसायची, म्हणून हा निवडला, असं काका म्हणाले.

मी आवाजाची मापं घेते, म्हणून मला बोलावलं ते त्यांच्या मुलीने, झिवकाताईने. काका रेडिओतले निवृत्त ध्वनी अभियंते. त्यांचं म्हणणं, तीच फाइल, तोच प्लेअर, तरी काही दुपारी गाण्याचा आवाज वेगळा येतो. जिन्यावरून पडून काकांचं मनगट मोडल्यापासून ताई त्यांना वार्नाला, स्वतःच्या घरी, न्यायच्या मागे लागली आहे. शेवटी बापलेकीचं असं ठरलं: फरक नाही हे मी मोजून दाखवलं तर काका घर बंद करून जाणार, फरक निघाला तर इथेच राहणार. मी मनातल्या मनात हसले. आकडे तेच, तर आवाज तोच. फुकटची सहल झाली ही.

५ ऑक्टोबर
प्लेअरमधून बाहेर पडणारे आकडे पकडून मूळ फाइलशी ताडले. एकही इकडचा तिकडे नाही. मोठ्या ऐटीत काकांना दाखवलं. ते म्हणाले, पोरी, हे मी केव्हाच केलंय, मला काय दूधखुळा समजतेस? आकडे प्लेअरच्या पेटीपर्यंत. पुढे त्यांची वीज होते, विजेने हवा हलते, आणि हवेला खोलीतून जावं लागतं.

खरंच आहे ते. पेटीतलं, आकड्यांना ताल देणारं घड्याळ डळमळलं किंवा वीज मळकट आली तरी फरक पडू शकतो. सगळ्यात जास्त फरक खोली पाडते. गालिचा, पडदे, बसलेला माणूस, सगळे आवाजाचा थोडा थोडा घास घेतात.

रायनाकाकू डाव्या खुर्चीत विणत बसायच्या. त्यांच्या जाडजूड स्वेटरमुळे व्हायोलिनची धार मऊ व्हायची. त्या गेल्या आणि खोली कर्कश झाली. मग एका दुपारी पुन्हा मऊ. काका हे इतकं साधेपणाने बोलले की मला रडू आलं.

९ ऑक्टोबर
वीज तपासली, घड्याळ बदललं, दोन्ही ठाकठीक. मग खोली मोजायला घेतली. काकांच्या खुर्चीत मायक्रोफोन, ठरलेला सूर लावायचा, दार बंद, आम्ही दोघं अंगणात. सकाळी रिकामी खोली मोजली, मग मी डाव्या खुर्चीत बसले असताना मोजली. माणूस बसला की वरचे सूर दबतात, तसेच दबले.

दुपारी पुन्हा रिकामी मोजली. सूर दबलेले. जाऊन पाहिलं, खुर्चीत कुणी नव्हतं.

१४ ऑक्टोबर
रोज तेच. सकाळी खोली रिकामी, दुपारी नाही. काकूंच्या हयातीत, त्या खुर्चीत बसलेल्या असताना, काकांनी हौसेने घेतलेलं जुनं माप कपाटात सापडलं. दुपारचं माप त्याच्याशी तंतोतंत जुळतं. काकांना अजून सांगितलेलं नाही. मला भीती वाटते.

१९ ऑक्टोबर
काल काका जिन्यात पुन्हा घसरले. हातात ट्रे होता, ट्रेमध्ये कॉफीचे दोन कप. मी अंगणात होते. दुसरा कप कुणाचा, हे मी विचारलं नाही.

आज त्यांनी निकाल विचारला. मी इथल्या रीतीने मान वर झटकून नाही म्हटलं. फरक नाही, काका. ते डाव्या खुर्चीकडे वळून म्हणाले, ऐकलंस, रायने? तू नाहीस म्हणे.

२ नोव्हेंबर
ताई काकांना घेऊन गेली. मी सामान बांधायला मागे. आज मृतांचा शनिवार, इथली सर्वपित्री. काकांचा फोन आला: उकडलेल्या गव्हाची वाटी खुर्चीवर ठेवलीस ना? ठेवली म्हटलं. ठेवली नव्हती. जी नाही असं सांगितलं, तिला वाढायचं कसं?

३ नोव्हेंबर
दुपारचं माप. डावी खुर्ची मोकळी. हुश्श झालं.
पण उजव्या स्पीकरचे सूर अडताहेत, त्याच्यापुढे काहीतरी उभं आहे. उंचीने माणसाएवढं.

४ नोव्हेंबर
आता खोलीच्या मध्यावर. मी आत, दार तिच्या पलीकडे —
सकाळ, दुपार, काही फरक नाही. ती जातच नाही.

५ नोव्हेंबर
काकांच्या खुर्चीत बसून लिहितेय. लख्ख ऊन आहे. व्हायोलिन चालूच ठेवलंय. बंद करायची हिंमत नाही. ते चालू आहे तोवर ती कुठे आहे ते कळतं.

उजवीकडचे सूर गेले. आता डावीकडचे — अगदी समोर —

मोठ्याने म्हटलं, काकू, मी खोटं बोलले. तुम्ही आहात. काकांना आत्ता फोन करून सांगते, तुम्ही आहात —

मोकळं झालं! व्हायोलिन स्वच्छ, धारदार, दोन्हीकडून. समोर कुणी नाही. देवा, ऐकलं तिने. समोर कुणीच —

मानेला लोकर टोच