तीन लहरींच्या टेबलाची व्यवस्था

मी, झुंबर रंगनाथ देवकाते, वय बहात्तर, इलेक्ट्रॉनिक्सचा निवृत्त अधिव्याख्याता, राहणार कळंब, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे, पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून हे मृत्युपत्र लिहीत आहे. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. सौ. सिंधुबाई मघाशी "आवरा लवकर" म्हणाल्या, ते दडपणात धरू नये.

१. राहते घर व उसाचे रान पत्नी सिंधुबाई यांना. त्यांच्या पश्चात चिरंजीव माऊली यास. सोल्डरच्या धुरात त्यांनी संसार केला. "माझी भाकरी करपली का तुमचं काय करपलं, तेवढं सांगा," एवढीच त्यांची तक्रार. मी त्यांचा जन्माचा ऋणी आहे.

२. मेहुणे आप्पासाहेब यांचा माझ्या कामाच्या खोलीवर खताची पोती ठेवण्यासाठी फार दिवसांपासून डोळा आहे. त्यांना माझी लुना द्यावी. खोलीची किल्ली दाखवूसुद्धा नये.

३. त्या खोलीत बाभळीचे टेबल आहे. त्यावर लहरी पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप, जुळवून निवडलेले सुटे भाग आणि लहरी निर्माण करणारा आमचा ऑसिलेटर आहे. आमच्याकडे पंपाची थ्री-फेज वीज आली का, हे शेंबडे पोरही विचारते. पण ती दिसते कशी, हे कोणी पाहिलेले नसते. विद्यार्थ्यांना शॉक न बसता ती दिसावी म्हणून आम्ही हे सर्किट रचले. तीन सारखे टप्पे गोल जोडायचे. प्रत्येक टप्पा लहर उलटी करून थोडी मागे सारतो, आणि पडद्यावर तीन साइन लहरी एकशेवीस अंशांच्या अंतराने चालू लागतात. वर्धन, म्हणजे लहर मोठी करणे, कमी पडले तर लहरी विझतात, जास्त झाले तर त्यांचे माथे चपटे होतात. नेमके मधले साधण्यात माझे आयुष्य गेले, आणि मजेत गेले.

४. सूनबाई निकिता, माहेर लोणी भापकर, इंजिनिअर. तिन्ही टप्प्यांची वारंवारता एकाच बटणाने एकदम बदलणे मला कधी जमले नाही. तिने एकच नियंत्रक प्रवाह तिन्ही टप्प्यांना देऊन ते केले. आता ती याच टेबलावर सहा लहरींचे सर्किट रचते आहे. टेबल हलले तर तिचे काम थांबेल, हे मला पक्के ठाऊक आहे, आणि म्हणून पुढचे कलम लिहिताना हात जड झाला आहे.

५. हे टेबल, त्यावरील सर्व वस्तूंसह, माझे मित्र, कॉलेजातले सहकारी व या सर्किटातले जोडीदार विजयसिंह निंबाळकर, राहणार वडगाव निंबाळकर, यांना मिळावे. टेबलाची बाभूळ त्यांच्या बांधावरची. आधी जाईल त्याने टेबल दुसऱ्याला द्यायचे, असा आमचा तरुणपणीचा शब्द आहे. लहरीची उंची आवरायला छोटा दिवा वापरावा की डायोड, यावरून आम्ही एक अख्खा उन्हाळा अबोला धरला होता. दिवाच बरोबर होता, हे माझे कायदेशीर विधान समजावे. पण माझी बायपास झाली तेव्हा माझे तास त्यांनी घेतले, आणि दर रविवारी येऊन या टेबलावरची धूळ पुसली. असा मित्र मिळाला, आणखी काय हवे?

६. वरीलपैकी कोणी या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही केली, तर त्याची देणगी रद्द समजावी. अशी रद्द झालेली किंवा अन्य कारणाने लागू न झालेली देणगी व उरलेले सर्व काही निकिता हिला मिळावे.

७. आज सकाळी वकील सृष्टी गावडे यांनी इथवरचा मसुदा सर्वांसमोर वाचला. साक्षीदार कोण, असे विचारताच विजयसिंह पुढे सरकले. वकीलबाई म्हणाल्या, "काका, साक्षीदार म्हणून सही केलीत तर कलम सहाप्रमाणे तुम्हाला टेबल मिळणार नाही. ते निकिताताईंकडे जाईल."

"म्हणून तर करतोय."

मी म्हणालो, "विजयसिंह, शब्द दिलाय मी."

"तू पाळलास की. लिव्हलंय न्हवं हितं? आता मी ते टेबल नेऊन काय करू? माझा हात कापतोय, झुंबर. पोरीचा हात बसलाय त्याच्यावर."

निकिता उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मला रडू आले, ते मी लपवले नाही. कलम पाच मी खोडत नाही. ते तसेच राहावे.

ठिकाण : कळंब. दिनांक : १२ जानेवारी २०२५.

(सही) झुंबर रंगनाथ देवकाते

आमच्या डोळ्यांदेखत वरील सही झाली. त्यांच्यासमोर आम्हीही केली :

१. (सही) डॉ. यशराज कोकरे, कळंब.

२. (सही) विजयसिंह निंबाळकर, वडगाव निंबाळकर. कलम पाच वाचून, समजून, स्वखुशीने.